धाकलीने दिलेली ओळख

धाकली हे टोपणनाव नव्हे, आधार कार्डावरही तेच आहे. उधव्याला, माहेरच्या घरात शेंडेफळ म्हणून धाकली; आता पन्नाशी आली, दोन सुनांची सासू झाली, तरी धाकलीच. चिखले गावातल्या आमच्या चिकूच्या शेडमध्ये ती चौदा वर्षं माल निवडते आहे. चिकूला नखाने जरासा ओरखडा काढायचा, आत हिरवं दिसलं की बाजूला, नाहीतर पेटीत. मी निलम, इथला फोन आणि बिलं बघते. तिच्या हातून गेलेल्या पेटीबद्दल मला कधी तक्रारीचा फोन आलेला नाही. म्हणून मागच्या डिसेंबरात तिच्या नावाने फोन यायला लागले तेव्हा आधी नवल वाटलं, मग राग आला, आणि खरं सांगायचं तर तो तिच्यावरच आला.

पहिला फोन सकाळी अकराला आला. "धाकली मॅडम आहेत का?" शेडमध्ये आजवर कोणी धाकलीला मॅडम म्हटलेलं नाही, त्यामुळे मला हसूच आलं. उमेश नावाच्या माणसाने हप्त्यांवर मोबाइल घेतला होता, हप्ते थकले होते, आणि मॅडम म्हणे त्याच्या रेफरन्स होत्या. कामाच्या वेळी फोन करू नका, असं मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्या वसुलीवाल्याने आणखी चार वेळा केला. तिसऱ्या दिवशी मॅडम गेलं आणि "ती बाई" आलं. पुढच्या आठवड्यात "तुम्ही चोरांना कामावर ठेवता का?" इथवर गाडी आली. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून हजर. या गडबडीत दिल्लीच्या व्यापाऱ्याला दोनदा आमचा फोन लागला नाही, आणि तीस पेट्या दारातच पडून राहिल्या.

मी धाकलीला बोलावून विचारलं. तिने सगळं सरळ सांगितलं. उमेश तिचा भाचा, भावाचा मुलगा. तलासरीला मोबाइल घेताना आत्याला सोबत घेऊन गेला होता. दुकानदार म्हणाला, ओळखीसाठी एक नंबर द्या. धाकलीला वाचता येत नाही, पण आकडे येतात, आणि एकच नंबर तिला तोंडपाठ आहे: आमच्या शेडचा. रोज प्रत्येक पेटीवर तीच त्या नंबरचा शिक्का मारते. तो नंबर तिने खडाखडा म्हणून दाखवला. दुकानदार खूश, भाचा खूश, आणि हीसुद्धा, कारण आपली ओळख कुठेतरी चालली याचं तिला कौतुक वाटलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी आमच्या मालकाने, म्हणजे धनेशभाऊंनी, मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, पण हंगामात डोकं गरम असतं. म्हणाले, "निलम, हे रोजचं लफडं मला नको. सोमवारपासून धाकलीला घरीच बसव. उद्या सुट्टी होताना सांग तिला." चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला तिथल्या तिथे कळत होतं. तरी मी मान हलवली. माझ्या कानांना आराम मिळणार होता, हेही होतं त्यात.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर धाकली माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "निलमबाय, आता त्याचा फोन आला का मना दे."

"तो घाण बोलतो, धाकली."

"त्याच्या तोंडातली घाण त्याच्याच तोंडात र्‍हायल. तू दे."

सव्वातीनला फोन आला. धनेशभाऊ तेव्हा माझ्याच टेबलावर वाकून टेम्पोवाल्याच्या पावतीवर सही करत होते. धाकलीचे हात चिकूच्या चिकाने भरलेले, म्हणून मी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"पैसे कधी भरताय?" पलीकडून तो म्हणाला.

"कुठले?"

"उमेशच्या मोबाइलचे. तुम्ही रेफरन्स आहात त्याच्या."

"ते काय असतं? मराठीत सांग."

तो वैतागला. "ओळख हो, ओळख. तुम्ही त्याची ओळख दिलीय."

"दिली," धाकली म्हणाली. आवाज जराही चढला नाही. "माझ्या भावाचा पोर्‍या तो. तवा वळखत होते, आज पन वळखते. त्याची कंपनी बंद पडली, तो उधव्याला घरीच हाय. तुमचा फोन उचलत नाय ती त्याची चूक, मी त्याला तसं बोलले पन. पन मी जामीन र्‍हायले नाय. सही केली नाय, अंगठा दिला नाय. वळख मागितली, ती दिली, आन खरी दिली. पैशाचं त्याला विचारायचं."

मग तो मूळ पदावर आला. "जास्त शहाणपणा करू नको. तुझ्या शेठला सांगून काम घालवीन तुझं."

"सांग. शेठ हितंच हाय." आणि तिने कोपराने फोन धनेशभाऊंकडे सरकवला.

शुक्रवारचं तिला काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि भाऊंना माहीत होतं. मी बिलबुकात तोंड घातलं. इतकी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

"शेठ, या बाईला तुम्ही ओळखता का?" त्याने दमात विचारलं.

धनेशभाऊंनी सही अर्धवट सोडली. टेम्पोवाला पावतीसाठी हात पुढे करून उभा होता. धाकली पदराला हात पुसत त्यांच्याकडे बघत होती, उत्तर ठरलेलं असल्यासारखी, अगदी निवांत.

"ओळखतो," भाऊ म्हणाले. "चौदा वर्षं ओळखतो. तिच्यासाठी इथे परत फोन करायचा नाही. तुझं नाव सांग आणि कंपनीचं सांग, निलम लिहून घेतेय." मी काहीच लिहून घेत नव्हते, घाईघाईने पेन शोधलं. तोवर त्याने फोन ठेवला होता.

त्यानंतरही दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी नाव विचारलं, तारीख आणि वेळ टिपली, आणि सगळं तक्रार म्हणून त्या कंपनीला लिहून पाठवलं. मग बंद झाले. धाकलीनेही रविवारी उधव्याला जाऊन भाच्याला समोर बसवलं आणि कंपनीला स्वतःच्या तोंडाने फोन करायला लावला. तो हळूहळू भरतोय म्हणे.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी सहा वाजता बायका निघाल्या तेव्हा भाऊ फाटकातूनच ओरडले, "धाकले, सोमवारी जरा लवकर ये, दिल्लीचा माल आहे." ती "बरं" म्हणाली आणि चपला घालून गेली. मला सांगायला दिलेला निरोप माझ्याकडेच राहिला. धाकली अजूनही कुणीतरी नवीन बाई कामाला आली की तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "ही निलमबाय. हिने त्या दिवशी मना फोन दिला म्हनून माझं काम वाचलं." आणि मी पुन्हा बिलबुकात तोंड घालते.