लुईझाची टाइल

आधी शाहीनभाभीचं नाव घेते, मग बाकीचं. ती रत्नागिरीची, मीही त्याच जिल्ह्यातली, लांज्याकडची. आधी ज्या घरात कामाला होते त्या माणसांनी बिऱ्हाड दुसऱ्या देशात हलवलं आणि मी इथे, दुबईजवळच्या रास अल खैमात, बॅग घेऊन उभी राहिले, तेव्हा भाभीने स्वतःच्या हॉलमध्ये मला गादी टाकून दिली. ओळखीत शब्द टाकून डॉरथी मॅडमना सांभाळायचं हे काम लावलं. "घाबरतेस कशाला गो? अमेरिकन म्हातारी आहे, वाघीण नाय," म्हणाली. डॉरथी मॅडम गेल्या त्या सकाळीही मी पहिला फोन तिलाच केला. हॉस्पिटलात न्यायला मी पेज करत होते. मॅडमना आपली पेज आवडायची, वर तुपाचा थेंब. तेवढ्यात रॉबर्ट सरांचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. मी गॅस बंद केला, मग परत लावला, पेज शिजू दिली, डब्यात भरली... आणि डबा हातात धरून बसून राहिले. आता हा कोणाला न्यायचा? खोटं कशाला सांगू, मग लगेच, आता आपलं काय होणार, हेही मनात आलंच.

त्याला महिना होत आला. भाभी म्हणाली, मनात घोळत बसू नको, लिहून काढ. मी सातवीत शाळा सोडलेली. पण लिहिते.

मॅडम तिकडे अमेरिकेत शाळेत शिकवायच्या. नवरा वारल्यावर त्या सरांकडे इथे आल्या. सर टाइल्सच्या कारखान्यात इंजिनियर, तिथल्या कामगारांमुळे त्यांना हिंदी कळायची. मॅडमना समोरचं दिसायचं नाही, कडेकडेचं थोडं दिसायचं, म्हणून बोलताना त्या माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी कोणी उभं असल्यासारख्या बघायच्या. मला आधी भीती वाटायची. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी मोडक्या हिंदीत, आणि हळूहळू एकमेकींचं कळायला लागलं. त्यांना एकच ध्यास होता, आजोबांच्या वडिलांचा. जोसाया त्यांचं नाव. दीडशे वर्षांपूर्वी बैल जोडलेल्या गाडीतून कॅन्ससच्या माळावर गेले, झाडं नाहीत म्हणून गवताची ढेकळं कापून त्यांचंच घर बांधलं. मी विचारलं, "जमीन पहले किसका था?" "नॉट अवर्स," एवढंच म्हणाल्या.

अमेरिकेतली त्यांची चुलतबहीण जुन्या शिरगणतीचे कागद फोनवर वाचून दाखवायची. मॅडम एकेक अक्षर सांगायच्या आणि मी जाड मार्करने सरांनी आणलेल्या पांढऱ्या सँपल टाइल्सवर नावं काढायची. एका माणसाची एक टाइल. जेवणाच्या टेबलावर वर जोसाया, खाली मुलं, त्याखाली नातवंडं. आम्ही जेवायचो किचनमध्ये, टेबल पूर्वजांचं! "यल्ला, शेवंती, टाइल," अशी इथल्या अरबीत 'चल' म्हणत हाक आली की मी हजर.

शेवंती हे माझं माहेरचं नाव. लग्नात सुप्रिया झाले, पासपोर्टवर तेच. सगळे सुप्रियाच म्हणतात. मॅडमनी एकदा विचारलं, आई काय हाक मारायची? तेव्हापासून त्या शेवंतीच म्हणायला लागल्या.

घोळ झाला तो जोसायाच्या बायकोवरून. एका शिरगणतीत बायको हॅना, पुढच्या शिरगणतीत लुईझा. वय साधारण जुळणारं. मॅडमचे आजोबा मधल्या काळात जन्मलेले. मग त्यांची आई कोण? हॅना वारली म्हणावं तर तिची कबर कुठेच सापडत नव्हती. मॅडमनी त्यासाठी किती फोन केले, किती चर्चना लिहायला लावलं... मला वाटलं, एवढं काय अवघड आहे? मी म्हटलं, "मॅडम, दो नहीं, एकही औरत है. शादी में नाम बदला."

त्यांना ते पटेना. मी स्टीलच्या ताटात तांदूळ पसरले आणि दाखवलं, आमच्याकडे नवरा अंगठीने असं तांदळात नवीन नाव लिहितो. मॅडमनी बोट ठेवलं. डोळ्यांना न दिसणारं अक्षर बोटाला कळलं. मग त्यांनी स्वतः तांदळात हॅना लिहिलं. हात फिरवून पुसलं. त्यावर लुईझा लिहिलं. खूप वेळ बोट तिथेच होतं. "अँड हॅना? व्हेअर डिड शी गो?" मी म्हटलं, "इधरही है. नीचे."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, एकच टाइल ठेव. मी लुईझाची टाइल उचलून किचनच्या फडताळात ठेवली. मला वाटलं, मी सोडवलं! कोडं खलास! थोड्याच दिवसांनी त्यांना न्यूमोनिया झाला.

परवा सर टेबलाचा फोटो काढायला आले. तिकडचे नातेवाईक घराण्याचं पुस्तक छापणार आहेत. सर म्हणाले, "व्हेअर इज लुईझा?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे लग्नात पहिलं नाव बदलत नाहीत, आडनाव बदलतं. मॉमला हे माहीत होतंच की. मी तर गारच झाले. माहीत होतं, मग टाइल का काढायला लावली? माझं मन राखायला? की शोधून थकल्या होत्या आणि माझं खरं असावं असं वाटलं? आणि लुईझा खरीच वेगळी बाई असेल तर माझ्यामुळे ती पुस्तकातून कायमची गेली असती. परक्याच्या माळावर राबलेली बाई, तिचं नावही नाही...

फडताळात टाइल नव्हती. सगळं घर पालथं घातलं. सापडली मॅडमच्या खोलीत, खिडकीपाशी, त्यांच्या चहाच्या मगाखाली. त्यांनी ती गुपचूप कधी नेली, देव जाणे. वर मगाचा गोल डाग, खाली माझ्या वाकड्या अक्षरातली लुईझा. सरांनी दोन्ही टाइल्स हातात घेतल्या. "व्हॉट डू यू थिंक?" मला! मी म्हटलं, "मालूम नहीं, सर." ते म्हणाले, "मी नायदर," म्हणजे त्यांनाही नाही. मग त्यांनी लुईझाला हॅनाच्या अगदी कडेला चिकटवून ठेवलं आणि फोटो काढला. डाग मी पुसणार होते, त्यांनी पुसू दिला नाही.

सर म्हणाले, दुसरं काम मिळेपर्यंत इथेच राहा. अजून भात लावताना ताटात तांदूळ घेतले की माझं बोट आपोआप फिरतं. काय लिहिते ते मलाच कळत नाही. कधी हॅना, कधी शेवंती. मग हात फिरवते आणि निवडायला घेते.

हे सगळं भाभीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या नानीला सगळे 'हसनची आई'च म्हणायचे. तिचं खरं नाव आमच्यात कोणालाच ठाऊक नाय गो." भाभी, मी गावी जाईन तेव्हा आधी तुझ्या नानीच्या मोहल्ल्यात जाईन. तिच्या वेळची एखादी तरी म्हातारी असेल. तिच्यापाशी बसेन, विचारेन. आणि तुझ्या नानीचं नाव पांढऱ्या टाइलवर काढून तुझ्या हातात देईन, इन्शाल्ला.