पेढे वाटून झाल्यावर

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करायचे. किटली, चपला, बिस्किटांचा पुडा, एकदा तर माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकचं खोकं. मी वेळेवर ओरडले म्हणून केक वाचला. खालची बारीक अक्षरं वाचून झाली की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पाहा, जर्मनीत असं नसतं." परदेशी नोकरी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांच्या ऑफिसात असा एक तरी असणारच. इंग्लंडातल्या रीडिंग गावी आमचं ऑफिस, तिथं हे होते.

मूळचे नागपूरचे. मधली काही वर्षं जर्मनीत काढून इकडे आलेले. त्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे तीन देशांचे दाखले तयार. बेसिनला दोन वेगळे नळ का? एकाखाली हात पोळतो, दुसऱ्याखाली गारठतो, मग माणसानं धुवायचे कुठे, मधल्या हवेत? बाथरूममध्ये दिव्याला बटण का नाही, दोरी का? डोकेदुखीच्या गोळ्यांची दोनच पाकिटं देतात, पण पुढच्या दुकानात जाऊन आणखी दोन घेतली तर कुणी अडवत नाही. "म्हणजे डोकं जास्त दुखत असेल तर जास्त चालायचं, बाप्पा."

एका रविवारी सकाळी ते मला सुपरमार्केटात भेटले. दुधाचा कॅन छातीशी धरून बंद गल्ल्यासमोर उभे होते. घरी पाहुणे बसलेले. पण रविवारी मोठ्या दुकानाचं दार आधी उघडतं आणि विक्री नंतर सुरू होते, असा इथला कायदेशीर शिष्टाचार. "आत यायची परवानगी आहे," ते म्हणाले, "दूध पाहायची आहे, उचलायचीही आहे. विकत घ्यायची नाही." जर्मनीत रविवारी सरळ कुलूप असतं, स्कॉटलंडात दिवसभर उघडं असतं, नागपुरात मालकाला झोपेतून उठवता येतं. हा असला मध्यममार्ग इंग्रजालाच सुचू जाणे. एवढं बोलले, पण हलले मात्र नाहीत. गल्ला उघडेपर्यंत शिस्तीत उभे राहिले आणि मागच्या बाईला उगाच दोनदा सॉरी म्हणाले.

इतकी नावं ठेवायचे, तरी एका बाबतीत ते इंग्रजांवर पार फिदा होते. "काही म्हणा ताई, इथं शब्द म्हणजे शब्द असतो." त्यांचा टोस्टर बिघडला होता आणि परत घेताना काउंटरवरच्या पोरीनं का म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं. उलट नागपुरात स्टँपपेपर, साक्षीदार आणि वर अंगठे, एवढं सगळं असून त्यांच्या मामांचा एकच प्लॉट तिघांना विकला गेला होता. टोस्टर आणि प्लॉट यांत थोडा फरक असतो हे मी त्यांना सांगून पाहिलं. मी पुण्याची, म्हणून माझं बोलणं त्यांनी तिरकस समजून सोडून दिलं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, या तुलनांमध्ये काडीचा रस नव्हता. त्यांना घर हवं होतं, स्वतःचं. भाड्याच्या फ्लॅटच्या करारात भिंतीला खिळा मारायला मनाई होती, म्हणून तथागतांची तसबीर इतकी वर्षं फ्रिजवर टेकवून ठेवलेली. भाड्याच्या एजन्सीची एक मुलगी अधूनमधून तपासणीला येऊन ओव्हनमध्ये डोकावून जायची. नागपुरात शाळेत गणित शिकवलेली ही बाई तिच्या मागे मागे गुन्हेगारासारखी उभी राहायची. मला ते पाहवत नसे.

शेवटी त्यांना एक घर मिळालं. मागे लांबट बाग, भिंतीवर चढवलेला गुलाब, आणि विकणारी एकटी इंग्रज आजी. घर चांगल्या कुटुंबाला मिळावं एवढीच तिची इच्छा होती म्हणे. तिनं चहा दिला, गुलाब कधी छाटायचा ते वहिनींना हात धरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, तुमची ऑफर आजींनी मान्य केली. झालं! आमच्या या गृहस्थांनी त्याच शनिवारी लंडनच्या ईलिंगहून पेढे आणले, सोमवारी ऑफिसभर वाटले आणि वर फ्लॅट सोडत असल्याची नोटीसही देऊन टाकली. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या सहकाऱ्यानं पेढा खात विचारलं, कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज झालं का? हे हसले. बाई हो म्हणाली होती ना.

बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचणारा हा माणूस इथं फसला, कारण वाचायला कागदच नव्हता. काही आठवड्यांनी एजंटनं कळवलं की दुसऱ्या कुणीतरी जास्त देऊ केलंय आणि आजी आता घर त्यालाच देणार. इंग्लंडात करारांची देवाणघेवाण होईपर्यंत कुणीच कुणाला बांधलेलं नसतं. गोरा सहकारी म्हणाला, अरेरे, तुला गझम्प केलं की. सर्दी झाल्याचं सांगावं तसं. ज्या देशात एखाद्या लबाडीला असा खास शब्द असतो, तिथं ती लबाडी राहत नाही, रीत होते.

त्यांचा विश्वास बसेना. मला घेऊन आजींकडे गेले. आजींनी पुन्हा चहा केला, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाल्या. यांनी एकच विचारलं, तुम्ही शब्द दिला होता ना?

"दिला होता ना," आजी खरोखर गोंधळून म्हणाल्या. "पण तो नुसता शब्दच होता."

परतताना गाडीत ते जर्मनीतल्या नोटरीबद्दल बोलत होते. तो म्हणे अख्खा करार दोघांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतो. मी हं हं करत होते. नोटीस तर देऊन बसले होते, फ्लॅट सोडायची तारीख जवळ येत होती. घाईघाईत एका बसड्रायव्हरचं घर पाहायला ते एकटेच गेले. रेल्वेरुळांना चिकटलेलं, पुढे बाग नाही, मागे हातभर अंगण. तिथंच उभ्याउभ्या त्यांनी घेतो म्हणून त्याच्या हातात हात दिला आणि मग वहिनींना फोन करून सांगितलं.

आणि चारच दिवसांनी आजींचा फोन आला. जास्त देणाऱ्यानं ऐनवेळी किंमत पाडून मागितली होती, तेव्हा तुम्हीच घ्या, ठरल्या किमतीला. फोन स्पीकरवर होता. वहिनी ऐकता ऐकता उभ्याच राहिल्या. यांनी सांगितलं, सॉरी, मी दुसऱ्याला शब्द दिलाय. आजींनी विचारलं, एक्सचेंज झालं का? नाही ना? मग तुम्ही मोकळे आहात. हे नाहीच म्हणाले.

गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो. वंदना झाली, जेवणं सुरू झाली. रुळांवरून गाडी गेली की ताटं थरथरायची. पुरुषमंडळी यांची तोंड भरून स्तुती करत होती, काय माणूस आहे, शब्दाला पक्का! वहिनी भात वाढत होत्या. वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, "शब्द ह्यांनी दिला होता. मला कुणी विचारलं नव्हतं."

मला या गृहस्थांचा राग आला आणि कीवही आली. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच देशाचा दाखला दिला नाही.

आता ते टोरंटोला असतात. ऑफिसात मीटिंगआधी कुणी इंग्रजांना नावं ठेवत नाही, त्यामुळे मीटिंगा वेळेवर सुरू होतात आणि फार कंटाळवाण्या असतात. जायच्या आधी ते घर विकायला काढलं, तेव्हा एजंटचा पहिला फोन आला. त्यांनी त्याला सांगितलं, घरात विचारून सांगतो. घेणारी एक तरुण नर्स होती, तान्हं मूल आणि नवरा. वहिनींनी तिला मुद्दाम गाडी जाईपर्यंत थांबवून घेतलं, आवाज ऐकवला, आणि दोन दिवस विचार करून मग हो म्हणाल्या.

मी सामान बांधायला गेले होते तेव्हा एजंटचा पुन्हा फोन आला. दुसरा कुणी जास्त द्यायला तयार होता. यांनी फोनवर हात ठेवला. पासपोर्ट ब्रिटिश झाल्याला तोवर बरेच दिवस झाले होते. हळूच म्हणाले, "एक्सचेंज झालेलं नाही अजून. इथं चालतं तसं."

वहिनींनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत, शब्द सुटा सुटा करत सांगितलं की घर त्या नर्सलाच द्यायचं आहे. पलीकडून एजंट समजावत होता, मॅडम, कायद्याला धरून आहे हे. वहिनी म्हणाल्या, माहीत आहे. फोन ठेवून त्या यांच्याकडे वळल्या.

"ह्या वेळी शब्द मी दिलाय."

ते बरं म्हणाले आणि खोक्यांना टेप लावायला खाली बसले.