आत्याच्या बुटांवर काय शोभेल

बाकीचे लोक अंगावर कपडे चढवतात आणि सगळ्यात शेवटी पायात काय सरकवायचं ते बघतात. आमच्या आत्याचं उलटं होतं. ती आधी बूट घालायची, मग साडी नेसायची आणि मग मागच्या पडवीतल्या आरशासमोर उभी राहून या बुटांवर आणखी काय शोभेल याचा विचार करत बसायची. बूट साधेसुधे नव्हते. घोड्यावर बसलेल्या अमेरिकन गुराख्यांच्या पायात चित्रांत असतात तसले, पोटरीपर्यंत चढणारे, पुढे निमुळते, तिरक्या टाचेचे काऊबॉय बूट. तपकिरी चामडं आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याची वेलबुट्टी. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत साठी गाठलेली, बिनलग्नाची एक बाई हे घालून मेथीची पेंढी आणायला जायची. गल्लीनं तिचं नाव ‘बूटआत्या’ ठेवलं आणि तिनं ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं.

ती कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. बसस्टॉपच्या वाटेवर बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. कुणा लष्करी अधिकाऱ्याच्या मुलीसाठी त्यानं हे बूट शिवले, मधेच त्या लोकांची बदली झाली आणि बूट काचेत पडून राहिले. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेला शाल-नारळ काखोटीला मारून आत्या गंमत म्हणून आत शिरली. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय बारीक आणि जरा आखूड राहिला होता, त्यामुळे चालताना ती एका अंगाला झुकायची. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि डाव्या बुटात आतून बुचाचा जाड थर बसवून दिला. आत्या दुकानातल्या दुकानात चालून पाहायला लागली आणि चक्क सरळ चालली. त्या संध्याकाळी आई खिडकीत उभी होती. गल्लीतून येणारी बाई कोण हे तिला ओटीवर पाय पडेपर्यंत कळलं नाही. इतकी वर्षं ती नणंदेला चालीवरूनच ओळखत होती.

त्या चालीनं आत्याचं लग्न राहिलं होतं. बघायला येणारे पाहुणे पोहे खायचे, नाव-शिक्षण विचारायचे आणि मग त्यांच्यातली कुणीतरी वडीलधारी बाई म्हणायची, “जरा चालून दाखव.” आत्या चालायची. मग निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. “माझ्यापायी लोकांनी पोहे लई खाल्ले बघ,” असं ती हसत हसत सांगायची. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही, ते मात्र तिच्या लक्षात यायचं नाही की तिला लक्षात घ्यायचं नसायचं, कोण जाणे.

आता या बुटांवर काय घालायचं, हा प्रश्न ती गंभीरपणे घ्यायची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणलेल्या, त्यामुळे तिचा सगळा विचार मागावरचा. “काठ एकच असावा गं,” ती म्हणायची. “बूट हाईत तो काठ. बाकी सगळं अंग साधं ठेवायचं. दोन काठ भांडाय लागले की नेसणारीकडं कोण बघत न्हाय.” म्हणून जरीच्या साड्या कपाटात गेल्या आणि एकरंगी सुती साड्या बाहेर आल्या. साडी ती घोट्याच्या चांगली वर नेसायची, म्हणजे वेलबुट्टी दिसावी. आईला ते बघवत नसे.

पण हे शहाणपण तिला एका दिवसात आलेलं नव्हतं. सुरुवातीला तिनं बरेच उद्योग केले. आजीचा चांदीचा कमरपट्टा बांधून पाहिला. बुटांवरून पैंजण चढवले आणि छुमछुम करत अंगणात गेली, तेव्हा माझे वडील, म्हणजे आप्पा, म्हणाले, “आक्का, वरातीतली घोडी आलीया वाटलं मला.” हॅटसुद्धा आणली होती, ती अंबाड्यावर बसेना. शेवटी चाळणीतून चाळून जे उरलं ते असं: कमरेला चामड्याचा साधा पट्टा, कानात बारीक कुड्या आणि गळ्यात खणाच्या तुकड्याचा रुमाल. हा रुमाल म्हणजे दुसरा काठ नाही का, असं मी एकदा विचारलं. “त्यो काठ न्हवं, पदर,” आत्या म्हणाली आणि विषय संपला. स्वतःच्या नियमातून पळवाट काढण्यात ती कुठल्या वकिलाला हार गेली नसती.

खरी पंचाईत दुसरीच होती. आपल्याकडे प्रत्येक उंबऱ्याशी पायातलं काढावं लागतं, आणि हे बूट काही चप्पल झटकल्यासारखे निघत नसत. हळदीकुंकवाला गेली की यजमानीण कुंकवाचा करंडा हातात धरून ताटकळायची आणि आत्या ओट्यावर बसून बूट ओढत असायची. घालताना तर आणखी झटापट. मग तिनं जुनी पितळी पळी पिशवीत बाळगायला सुरुवात केली. पळीचा चपटा दांडा टाचेमागं सरकवायचा आणि पाय आत ढकलायचा. देवळाबाहेर, लग्नघरी, दवाखान्यात ती सगळ्यांदेखत पळी काढायची. “बुटाबरोबर शोभतंय ते सगळं बाजूला ठेवा,” म्हणायची, “लागतीया ती ही एकटी.”

मला बघायला बोरगावचे पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा मी एम.कॉम. होऊन बेळगावातच नोकरीला लागले होते. मुलगा इथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. आदल्या दिवशी आप्पा आत्याजवळ घुटमळले. “आक्का, उद्या तेवढे बूट नकोत गं. जुन्या वळणाची माणसं हाईत.” बूट मागच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी मांडी घालून बसली, म्हणजे उठायला नको आणि चालायला नको. मला तिच्याकडे बघवेना.

बोलणी छान चालली होती. मुलगा मला आवडला होता, हे लपवत नाही. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, “बाळ, जरा चालून दाखव बघू. आमच्या घरची रीत हाय.” मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि “आई, कशाला तसलं,” असं पुटपुटला. मी जागची हलले नाही. माझे पाय धडधाकट आहेत, पण उठायचं कसं ते त्या क्षणी मला समजेना.

आत्या भिंतीला धरून उठली आणि मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं ठाक ठाक असा आवाज येऊ लागला. आमच्या घरात देवघरापासून बाहेरच्या सोप्यापर्यंत कधी कुणी चप्पल घालून आलेलं नव्हतं. आत्या बूट घालून, पाहुण्यांच्या मधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताठ चालत गेली आणि परत आली. “आमच्यात चालून दाखवायचं काम माझ्याकडं असतंय,” ती म्हणाली. “बघा. सरळ हाय का?”

पाहुणे “कळवतो” म्हणून उठले. कळवलं काहीच नाही. आप्पांनी आत्याशी बोलणं टाकलं. मला तर तिचा इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं, आणि रडण्याचं दुसरंही कारण होतं. ते तिनं बरोबर हेरलं.

“आवडलावता व्हय तुला त्यो?”

“व्हय.”

“आणि त्यो काय म्हणतोय?”

त्याचा फोन आला होता. आईच्या वतीनं त्यानं माफी मागितली होती, पण आई अपमान विसरायला तयार नव्हती. मी सगळं सांगितलं. आत्यानं गळ्यातला रुमाल सोडून त्याची घडी घातली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती निघाली. त्या दिवशी आरसा नाही, पट्टा नाही, रुमाल नाही. पायात आईच्या जुन्या चपला. “बोरगावला जाऊन येतो,” आमच्याकडच्या बायका ‘येतो-जातो’ म्हणतात तसं एवढंच म्हणाली आणि गल्लीतून पुन्हा एका अंगाला झुकत गेली. सरळ चालीची आम्हाला इतकी सवय झाली होती की ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी आणि आई दारातच उभ्या राहिलो. संध्याकाळी परत आली ती पाय सुजवून. “तयारीला लागा,” आप्पांना म्हणाली. तिथं काय झालं ते तिनं कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, “बसलो, चहा पिलो, आलो.” माझ्या लग्नात मात्र बूट, पट्टा, रुमाल सगळं होतं आणि व्याह्यांकडच्या बायका तिच्याबरोबर रांगेनं फोटो काढून घेत होत्या.

गेल्या वर्षी आत्या गेली. झोपेतच गेली. बूट माझ्याकडे आहेत, माझ्या पायाला ते होत नाहीत. तिच्या बाराव्यानंतर मी आणि सासूबाई बोरगावच्या घरी शेंगा सोलत बसलो होतो. सासूबाई मधेच थांबल्या आणि माझ्याकडे न बघता सांगू लागल्या.

“तुझी आत्या त्यादिशी आलती. मला वाटलं, माफी मागाय आलीया. ती चपला बाहेर काढून आत आली आणि म्हणाली, ‘त्यादिशी दाखवली ती बुटाची चाल. माझी ही अशी हाय. काय बघायचं ते माझ्यात बघून घ्या, पोरीला चालाय लावू नका.’ आणि ह्या सोप्यातनं चालाय लागली की गं. अनवाणी. झुकत झुकत.”

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

“त्या भिंतीपतोर काय पोचू दिलो न्हाय मी तिला. मधीच उठून हात धरलो.”