कौतिकाबाईंची उलटी चाल

कौतिकाबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या उलट्या चालताना. वॉकर धरलेला, तोंड माझ्याकडे आणि पावलं मागे मागे, अशा त्या आमच्या खोलीच्या दारातून व्हरांड्यात निघून गेल्या. सकाळचे दहा वाजले असतील. माझ्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला एकच दिवस झाला होता, डोक्यात औषधांची गुंगी होती, आणि लहानपणी ऐकलेल्या उलट्या पावलांच्या हडळी सगळ्या एकदम आठवल्या. मी घाबरून बेल दाबली. नर्स आली, तिने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वो तो ऐसेही चलती है, मॅडम." मग माझं बीपी घेऊन ती शांतपणे निघून गेली.

गोंदियाच्या त्या दवाखान्यात आम्हा दोघींना मिळून एक खोली होती. त्यांचंही गुडघ्याचंच ऑपरेशन, माझ्या दोन दिवस आधी झालेलं. त्या सालेकशाच्या पलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या. घरची धानाची शेती. मी गणिताची निवृत्त शिक्षिका. गोंदियातच पहिल्या मजल्यावर माझं घर आहे, वर जायला अठरा पायऱ्या. यजमान गेल्यापासून मी एकटीच राहते आणि मुलगा प्रशांत पुण्याला असतो. ऑपरेशनआधी आम्हा मायलेकांचं ठरलं होतं, की दिवाळीपर्यंत मी त्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढू-उतरू लागले तर गोंदिया, नाहीतर घर विकायचं आणि पुणे. ठरवताना मी मोठ्या तोऱ्यात "चालेल" म्हणाले होते.

ऑपरेशननंतर तोरा गेला आणि नुसता गोंधळ उरला. चादरीखाली जे काही होतं ते माझंच आहे यावर माझा विश्वास बसेना. फिजिओच्या मॅडम आल्या, त्यांनी नियम सांगितला, "चढते वक्त अच्छा पैर पहले, उतरते वक्त ऑपरेशनवाला." मी विचारात पडले. डाव्या पायात झिजलेला, कुरकुरणारा जुना गुडघा. उजव्या पायात नवाकोरा. मग यातला चांगला कोणता? चौतीस वर्षं मुलांना सूत्रं पाठ करायला लावली, आणि मला एका ओळीचा नियम डोक्यात ठेवता येईना. पाय खाली टेकवायची वेळ आली की मला घाम फुटायचा.

"का हो, तुम्ही उलट्या का चालता?" मी कौतिकाबाईंना दुपारी विचारलं.

"समोर पाय टाकाले भेव वाटते जी," त्या म्हणाल्या. "मागं गेलं का पाय आपल्या मनानं जाते. चाळीस वर्सं रोवण्यात मागंमागंच चालली ना मी. समोर पाय टाकला तं रोवलेला धान तुडवला जाते."

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, मीही पाहिलेली आहे, पण बसच्या खिडकीतून. चिखलात वाकलेल्या बायका पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत लावत मागे सरकतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. फिजिओच्या मॅडमना मात्र हे काही पटत नव्हतं. "अम्मा, सामने देखो, सामने चलो," असं त्या रोज ओरडायच्या. कौतिकाबाई दोन पावलं समोर टाकायच्या, थरथरायच्या, आणि मॅडमची पाठ वळली की पुन्हा उलट्या. शेवटी मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसले म्हणे, आणि म्हणाले की कुणीतरी सोबत असलं तर थोडं तसंही चालू दे, ते स्नायूंना बरंच असतं. मॅडम परत आल्या त्या जरा खट्टू होऊनच.

नव्या गुडघ्याला कौतिकाबाई 'पावना' म्हणत. पाहुणा आला तर त्याला पहिल्याच दिवशी कामाला लावायचं नाही, पण उपाशीही ठेवायचं नाही, असं त्यांचं त्याच्याशी वागणं होतं. सकाळी उठल्यावर पट्टीवरून हलकेच हात फिरवून विचारायच्या, "झोप झाली का जी पावना?" मला हसू यायचं आणि चीडही यायची. मी माझ्या गुडघ्याशी अबोला धरला होता.

व्यायाम करताना पाय वाकवून दहा आकडे मोजायचे असत. कौतिकाबाई आकडे मोजत नसत. त्या आपल्या शेतातल्या बांध्यांची नावं घेत. बांधी म्हणजे पाणी अडवलेला धानाचा तुकडा, आणि त्यांच्या प्रत्येक बांधीला नाव होतं. "आंब्यावाली... बोडीजवळची... लांबोडी... मोहाखालची..." दहा नावं होईपर्यंत पाय वाकलेलाच. 'मोहाखालची'ला त्यांचा चेहरा कळवळायचा, कारण ती सगळ्यात मोठी बांधी, तिचं नावही त्या लांबवून घेत. मी म्हटलं, "अहो, दहा मोजायचे तर सारख्या अंतराने मोजावेत." त्या म्हणाल्या, "बांद्या का सारख्या रायतात, बाई?"

तिसरा दिवस उजाडला तरी मी एक पाऊल टाकलेलं नव्हतं. उभी राहायचे, खाली पायाकडे बघायचे आणि मटकन खाटेवर बसायचे. मॅडम रागावून गेल्या. तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. तो काही वाईट बोलला नाही. फार प्रेमानेच म्हणाला, "आई, इकडे लिफ्ट आहे. तू उगाच त्रास करून घेऊ नकोस." मी फोन ठेवला आणि रडले. माझ्या घराच्या गॅलरीतून समोरचं कडुलिंबाचं झाड दिसतं, एवढं एकच मला त्या वेळी आठवत होतं.

कौतिकाबाई आपला वॉकर घेऊन माझ्या खाटेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कायले रडून राहिल्या? उठा. माया तोंडाकडं पाहा. खाली नोका पाहू."

"आणि पडले तर?"

"पडसान तं माया अंगावर पडसान. पडा."

मी उठले. तिचा वॉकर आणि माझा वॉकर समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. ती एक पाऊल मागे गेली, मी एक पाऊल पुढे. कुठला पाय आधी टाकला ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावरचं गोंदण, नाकातली बारीक फुली, आणि सगळं सोपं आहे असा तो भाव. कधी नव्हे ते मी तिला मनातल्या मनात 'तू' म्हणत होते. व्हरांड्यातले लोक बघायला लागले. नर्सने तोंडावर हात ठेवला, मग ती कौतिकाबाईंच्या मागे येऊन उभी राहिली. खोली संपली, व्हरांडा संपला, आणि कौतिकाबाईंची टाच पलीकडच्या भिंतीला लागली.

"धुरा लागला, बाई," त्या म्हणाल्या. "एक बांदी सरली."

रोवताना मागे वळून बघत नाहीत, हे त्यांनी मला नंतर खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. हात चालू ठेवायचा आणि मागे सरकायचं. टाचेला बांध, म्हणजे धुरा लागला की समजायचं बांधी झाली. "आणि धुरा किती लांब आहे ते कसं कळतं?" मी विचारलं. "कळत नाई," त्या म्हणाल्या. "कायले कळाले पायजे?" मला तर प्रत्येक गोष्ट आधी कळायला हवी असते.

माझ्या पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला होता. मी वॉकर घेऊन दारापर्यंत गेले. बाहेर उताराची वाट होती. कौतिकाबाई माझ्याकडे तोंड करून, मुलाचा हात पाठीला, एकेक पाऊल मागे जात राहिल्या. आजवर जी जी माणसं मला सोडून गेली त्यांची मी पाठच पाहिली. ही एकच बाई जाताना शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती. ती जातेय की मीच मागे पडतेय, हेच मला समजेना. गाडीला टाच लागली तशी तिथून ओरडली, "पायऱ्याले भेऊ नोका!"

मग अधूनमधून तिच्या मुलाच्या फोनवर बोलणं व्हायचं. "पावना बरा हाये, तुमचा?" एवढंच विचारून ती फोन नातवाच्या हातात देऊन टाकायची. रोवणीच्या दिवसांत एका सकाळी फोन वाजला. मी हसतच उचलला. मुलगा होता. चार दिवसांचा ताप आला आणि माय गेली, असं तो म्हणाला.

एवढे टाके, एवढे व्यायाम, दहा दहा बांध्या, सगळं कशासाठी? हे गुडघे वीस वर्षं टिकतात असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकाच दिवशी सांगितलं होतं. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं, "आणि गुडघा? गुडघा कसा होता?"

"गुडघा एकदम चांगला होता जी," तो म्हणाला. "आठ दिवसाआधी धुऱ्यावर जाऊन उभी रायली होती. मोहाखालची रोवून होईपर्यंत हटली नाई."

दिवाळीला प्रशांत आला. येताना घराचा भाव विचारूनच आला होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी म्हटलं, "वर थांब. मी उतरते." चढायचं मला जमत होतं. समोर तोंड करून उतरताना मात्र अजूनही जीव खाली जात होता. मी कठड्याला धरलं, त्याच्याकडे तोंड केलं आणि उजवा पाय मागे सोडला.

"आई, हे काय? उलटी काय उतरतेस? मी येतो धरायला."

"तिथेच थांब. माझ्या तोंडाकडे बघ. पायाकडे बघू नकोस."

तो थांबला. मी पायऱ्या मोजायला सुरुवात केली आणि पाचव्या-सहाव्या पायरीनंतर आकडा चुकला. मग आकडे सोडले आणि आठवतील ती नावं घेतली. आंब्यावाली, बोडीजवळची, लांबोडी. मधे एकदा अजून किती उरल्यात तेच कळेना, आणि वर बघितलं तर प्रशांतचे डोळे भरलेले. मोहाखालची म्हणताना मी नाव लांबवलं. टाच फरशीला लागली.

"धुरा लागला," मी म्हणाले.

"काय लागलं? कुठे लागलं?" तो घाबरून धडाधड खाली आला.

त्याला काय सांगणार? मी कठडा सोडला आणि त्याला म्हटलं, "काही नाही रे. चल, आता वर जाऊन चहा करते."