वांग्याची साल आणि मंगळाची हवा

भरिताची वांगी भाजायला घेतली की सर विस्तवापासून हलत नसत. काळंठिक्कर पडलेलं वांगं हातात धरून ते समोरच्याला विचारत, "साल जळून कोळसा झाली, मग आतला गर का जळला नाही?" उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत, "साल जळते म्हणूनच गर वाचतो. यानाचंही तसंच." मग मंगळ आलाच. भूक लागलेली माणसं हळूच भाकरीच्या टोपलीकडे सरकत.

सर म्हणजे माझ्या ताईचे यजमान, धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. जिजाजी म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. त्यांना ध्यास एकच: लहानसं यान मंगळाभोवती फिरत ठेवायचं. वेग कमी करायला इंधन लागतं आणि लहान यानात ते मावत नाही. म्हणून सर म्हणत, त्याला मंगळाच्या हवेतून एकदा काढायचं, हवाच ब्रेक लावील. फार खोल गेलं तर जळेल, फार वरून गेलं तर निसटेल. त्याला छत्रीसारखा घेर लावायचा आणि वेग बेताचा झाला की तो टाकून द्यायचा. कॉलेजात यावरून त्यांची पुष्कळ थट्टा होई. थट्टा करणाऱ्याला ते चहा पाजून पुन्हा पहिल्यापासून समजावत.

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ते ताईला पाहायला अमळनेरला आले. 'मुलगी फार विचारते' म्हणून आधीची दोन स्थळं परत गेली होती. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, ताईला बजावलं होतं की आज तोंड उघडायचं नाही. शेतात भरिताचा बेत केला होता. जेवता जेवता सर मंगळावर पोचले आणि ताईच्यानं राहवेना.

"त्या दिवशी तिथली हवा विरळ असली तर? घेर टाकायची वेळ चुकेल ना?"

सरांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं, एवढं पुटपुटले आणि तसेच उठून त्यांनी एस.टी. गाठली. आबांनी कपाळाला हात लावला. "हाऊ बी गया," म्हणाले, म्हणजे हेही स्थळ गेलं.

पुढे आठवडाभर घरात ताईशी कोणी धड बोललं नाही. ती कोणापुढे रडली नाही, पण तिचं अन्नावरचं मन उडालं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आणि एका सकाळी सर दारात उभे. आबांना नमस्कार करून ते थेट ताईकडे वळले. "वेळ आपण इथून ठरवायचीच नाही. हवा किती अडवते ते यानानं वाटेत मोजायचं आणि त्यावरून घेर टाकायचा. तुम्ही विचारलं नसतं तर माझं यान हातचं गेलं असतं."

आबांनी घसा खाकरून विचारलं, मग लग्नाचं काय? सरांना नवल वाटलं.

"ते तर त्याच दिवशी ठरवलं मी. सांगायचं राहिलं का?"

दोघांचा संसार सुखाचा झाला. ताई विचारत राहिली, सर नव्यानं आकडेमोड करत राहिले. तसं यान कोणी धाडलं नाही, त्याची सरांना कधी खंत वाटली नाही.

सर गेले. परवा मी धुळ्याला गेले होते तेव्हा ताईला म्हटलं, आता घरात सगळे तुझंच ऐकतात.

"ऐकतात गं," ती म्हणाली. "पण मी विचारलं की भरल्या ताटावरून उठणारा माणूस गेला."