कुरडया आणि करवत मशीन

पितांबर आबांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, बेबीबाईंचा, जन्मात एकमेकांशी एक शब्द झाला नव्हता. भांडण मात्र रोज होई.

त्या घरात सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे. तो समोर आला की पदर पुढे ओढायचा, वाट सोडायची, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. बेबीबाईंनी ही रीत लग्न होऊन आल्यापासून काटेकोर पाळली होती. तिसरं कोणी हाताशी नसलं की त्या सामाईक अंगणातल्या म्हशीला सांगत, आबांना ऐकू जाईल अशा आवाजात. आबाही म्हशीलाच उत्तर देत. म्हैस रवंथ करत दोघांचं ऐकून घेई.

भांडणाचं मूळ जुन्या गोठ्यात होतं. आबा उपसा सिंचन योजनेवर पंप ऑपरेटर होते. निवृत्त झाले त्याच सुमारास शहाद्याच्या एका सुताराने धंदा बंद केला, तेव्हा त्याचं करवत मशीन त्यांनी टेम्पोत घालून घरी आणलं. लोखंडी टेबल, खाली मोटर, आणि टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं. योजनेवर असताना आबांनी खटका दाबला की अख्ख्या शिवाराला पाणी सुटायचं. घरी बसल्यावर चहात साखर किती टाकू, एवढंही त्यांना कोणी विचारेना. गोठ्यात मात्र त्यांचंच राज्य. पाट, चौरंग, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला माहेरी येणाऱ्या लेकींच्या झोक्याच्या फळ्या, असं काहीबाही ते करत. खडूची रेघ मारायची, फळी पात्यावर सरकवायची, की ती वाद न घालता रेघेवर कापली जाई. घरात बाकी कोणी त्यांचं इतकं ऐकत नव्हतं.

भुसा मात्र वाऱ्यावर उडून थेट बेबीबाईंच्या ओट्यावर पडे.

“चंद्रे,” बेबीबाई म्हशीला म्हणत, “काही लोकेस्ले म्हातारपनमा खेळनं लागस. लेकरं बरी, ती भुसा ते करतस नही.”

“चंद्रे,” गोठ्यातून आवाज येई, “ज्याले भुसा लागस, त्यानी तोंड बंद ठेवानं. तोंडमा जाव नही.”

त्या दिवशी बेबीबाईंनी गव्हाचा चीक शिजवून पहाटेच कुरडया पाडल्या होत्या. धुतलेल्या धोतरांवर खाटा भरभरून ओल्या कुरडया उन्हात पसरल्या. मोठी जाऊ, म्हणजे आबांची बायको मंगलाबाई, न्हाणीत होत्या. म्हणून बेबीबाईंनी म्हशीला ठणकावलं, “ऐक वं, आज मन्ह्या कुरडया खाटवर शेतस. आज कोनी मशीन चालाडानं नही!”

आबांनी ऐकलंच नाही. मशीनच्या आवाजाने कान बधिर होतात म्हणून ते घरच्या कपाशीचे बोळे कानात घालून बसत. आज त्यांनी कडुनिंबाचा ओंडका घेतला होता. पातं फिरलं, पिवळसर भुसा उडाला आणि ओल्या चिकाला चिकटून बसला.

बेबीबाई गोठ्याच्या दारात आल्या. बांगड्या वाजवल्या, खाकरल्या, दारावर तांब्या आपटला. आबांची पाठ हलली नाही. आत जाऊन जेठाच्या खांद्याला हात लावणं तर शक्यच नव्हतं. मग त्या तडक आबांच्या ओट्यावर गेल्या आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली पाडला. पातं थांबलं. आता तरी हा माणूस बाहेर येतो का, हे बघायला त्या पुन्हा दारात आल्या.

आबांना वाटलं, लाईट गेली. ती तर रोजच जाते. मशीनचा खटका चालूच ठेवून ते वाकले आणि पात्याखाली अडकलेली ढलपी काढायला हात आत घातला.

तेवढ्यात मंगलाबाई ओल्या केसांनी ओट्यावर आल्या. समोर धाकट्यांच्या घरात पंखा फिरतोय आणि आपलाच बंद, हे बघून त्या मीटरकडे वळल्या.

बेबीबाईंना एका नजरेत दोन्ही दिसलं. जावेचा वर गेलेला हात आणि जेठाचा आत गेलेला हात.

“आबा! हात काढा!” असं ओरडत त्या आत धावल्या आणि त्यांनी आबांची बंडी मागून धरून त्यांना ओढलं. आबा भुशात बसले. पातं गर्रकन फिरलं.

मग बेबीबाईंचं तोंड सुटलं. “मरनं शे का तुम्हले? इतली वरीस पंप चालाडा, आनि लाईट गई का नही तेबी समजत नही? मन्ह्या कुरडया कडू कऱ्यात, आते मन्हा माथे हत्या देवाले बसनात!”

आबांनी कानातला बोळा काढला. “खटका कोनी पाडा?”

“मी पाडा! आखो पाडसू!”

मंगलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मायबाई, बेबी, तू जेठसंगे बोली ऱ्हायनी?”

“मंग काय म्हैस त्यास्ले ओढती?”

संध्याकाळी धाकटा भाऊ हेमकांत जपून म्हणाला, “दादा, काढी टाक ते मशीन.” मंगलाबाई त्याच्यावरच उसळल्या, “काढी टाक म्हणे! मंग हाई माणूस दिनभर मन्हा डोकावर बसाव शे, त्यानं काय?”

हेमकांतच्या तोंडून बेबीबाईच बोलतात, असं आबांनी धरलं. बेबीबाईंच्या सांगण्यावरून मशीन काढणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. मशीन शेतातल्या खोलीत हलवता आलं असतं, म्हणजे भुशाचा प्रश्न मिटला असता. पण भुसा त्यांच्या मनातच नव्हता. योजनेवर असताना किती शेतकऱ्यांना त्यांनी झापलं होतं, की लाईन गई म्हणजे ती परत येवाव शे, पहिले खटका पाड. आणि त्यांचा स्वतःचा हात, त्यांना न विचारता, सरळ पात्यात गेला होता. शेतात नेलं तरी हात हाच असणार.

बेबीबाईंचा राग निवला नाही. रोज जेवणाच्या वेळी त्या एक तळलेली कुरडई जावेच्या हाती पाठवत, आबांच्या ताटासाठी. ती कडू असे. आबा ती शेवटपर्यंत चावून खात, पाणी न पिता, कारण समोरच्या ओट्यावरून बघणारं कोण आहे ते त्यांना माहीत होतं.

एक दिवस विसरवाडीचा एक सुतार टेम्पो घेऊन आला आणि मशीन चढवू लागला. बघायला चार माणसं जमली. “मोटर जुनी व्हई गई,” आबा त्यांना सांगत होते. “काम देत नही.”

बेबीबाई पदर ओढून ओट्याच्या खांबाशी उभ्या होत्या. “मोटर जुनी नही व्हयनी,” त्या सगळ्यांसमोर, सरळ आबांना म्हणाल्या. “तुम्ही घाबरनात.”

मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. आबांनी टेम्पोकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग प्रथमच बेबीबाईंकडे.

“हा,” ते म्हणाले. “घाबरनू.”

बेबीबाईंनी पुढची बरीच वाक्यं तयार ठेवली होती. ती तोंडातच राहिली. त्यांनी पदर आणखी पुढे ओढला, “चांगलं कऱ्यात,” असं शिवी दिल्यासारखं म्हणाल्या, आणि आत जाऊन धाडकन दार लावून घेतलं.