उभ्या डोंगराची किंमत

फोन कार्ल्याच्या बबन आबांचा होता. "बाई गेल्या... तुमास्नी कळलं का न्हाई?" मला कळलं नव्हतं. बाई म्हणजे कुंदा. तळेगावच्या कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवायची, मी मराठी. आमची उमेदीची वर्षं एकाच स्टाफरूममध्ये सरली, आणि तिच्या जाण्याची बातमी मला एका शेतकऱ्याकडून समजली. तिला त्यात काही वावगं वाटलं नसतं. निवृत्तीनंतर ती कार्ल्याच्या शेतकऱ्यांचीच झाली होती.

"आपल्या पुस्तकात डोंगर तोडला की उत्पन्न वाढतं, उभा राहिला की शून्य," ती वर्गात म्हणायची, "हे गणितच मला पटत नाही." नुसतं म्हणून ती थांबली नाही. कार्ल्याजवळच्या एका वस्तीवर शेतकऱ्यांच्या उतारावरच्या रानातून झरा यायचा, खालची हॉटेलं त्याच पाण्यावर चालायची. कुंदानं शेतकरी आणि हॉटेलवाल्यांना एकत्र बसवलं. शेतकऱ्यांनी उतार विकायचा नाही, झाडं राखायची. हॉटेलांनी दरवर्षी त्या राखणीचा मोबदला द्यायचा. लोक हसले, पण ते चाललं. एरवी होळीनंतर आटणारा झरा भर वैशाखात वाहत राहिला, तेव्हा तिनं मला फोन करून काही न बोलता नुसता पाण्याचा आवाज ऐकवला होता...

मग एका हॉटेलनं बोअर घेतली आणि मोबदला थांबवला. ते बघून शेजारच्यानंही तेच केलं. तेवढ्यात बंगल्यांचे प्लॉट पाडणारे आले आणि एकेकाचा उतार गेला. बबन आबांनीही विक्रीच्या कागदावर सही केल्याचं कळलं तेव्हा कुंदा त्यांच्याकडे गेली, मीही सोबत होते. आबांनी मान वर केली नाही. "बाई, तुमचं लय खरं हाय. पर चहूकडनं इकलं. आमी एकट्यानं रान राखून पानी येनार हाय व्हय?"

 कुंदा म्हणाली, "नाही आबा. येणार नाही."

जेसीबी लागले आणि पुढच्या उन्हाळ्यात झरा आटला. त्यानंतर ती फारशी घराबाहेर पडली नाही. हृदय थकलेलं होतंच. शेवटच्या भेटीत म्हणाली, "आबा चुकले नाहीत गं. हॉटेलवालाही त्याच्या परीनं बरोबरच होता. सगळे बरोबर होते, आणि डोंगर गेला..." मी काहीतरी धीराचं बोलायला लागले. तिनं हातानंच मला थांबवलं.

परवा वस्तीवर गेले. आबा आता त्या बंगल्यांच्या गेटवर राखणदार आहेत. जिथं बैठका व्हायच्या ती खोली त्यांनी उघडून दाखवली. आत सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. मागच्या भिंतीवर कुंदानं वस्तीतल्या बायकांना घेऊन गेरू-चुन्यानं काढलेलं चित्र आहे : डोंगर, झरा, भातखाचरं, खाली हॉटेलं. गोण्या त्या भिंतीपासून हातभर लांब होत्या.

"तेवढं झाकू देत न्हाई मी," आबा म्हणाले. "पर नात इचारती, आबा, ह्यो झरा कुटं हाय? काय सांगू तिला?"

मी चित्रातल्या झऱ्यावरून बोट फिरवलं. चुना अजून पांढराशुभ्र होता.